चेनसॉचे मोबाइलवरचे जुगाड: या चुका टाळा

आठवड्यातून एक तरी गिऱ्हाईक असं येतं, जे मशीन पुढे करायच्या आधी मोबाइल पुढे करतं. "भाऊ, आपल्या मशीनले हे असं करून द्या न." स्क्रीनवर कुणीतरी सायलेन्सरला भोकं पाडलेली चेनसॉ ओंडक्यात घालतो, भुसा उडतो, पाच सेकंदांत तुकडा खाली आणि वर मोठ्या अक्षरांत 'डबल पॉवर'.

मी तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगतो. जुगाडाच्या आधी मशीनवर काळवंडलेली, बोथट चेन असते. जुगाडानंतर तीच जागा चकाकत्या नव्या चेननं घेतलेली असते. कधी ओंडकाच बदललेला असतो, आधी वाळकी बाभूळ आणि नंतर ओलं सुबाभूळ. बाभळीशी ज्यानं झोंबाझोंबी केली आहे त्याला हा फरक सांगायची गरज नाही.

नागपुरात लकडगंजच्या बाजूला माझं छोटं दुरुस्तीचं दुकान आहे. फवारणी पंप, ग्रास कटर, चेनसॉ, टू-स्ट्रोक जे काही असेल ते येतं. काटोल-कळमेश्वरकडे डिंक्या रोगानं गेलेली संत्र्याची झाडं काढायला आणि धुऱ्यावरची बाभूळ पाडायला आता वावरोवावरी चेनसॉ आहे. दुकानात येणाऱ्या मोडक्या मशीनपैकी बऱ्याच काम करून थकलेल्या नसतात. कुणीतरी त्यांना 'सुधारलेलं' असतं.

सायलेन्सरला भोकं पाडणं

हा सगळ्यांत लाडका जुगाड, आणि यात एक कण खरा आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते. ती काजळीनं बुजली की मशीन गुदमरते आणि ताकद पडते. जाळी काढली की मशीन मोकळी होते, म्हणून माणसाला वाटतं जुगाड लागू पडला. ती जाळी तारेच्या ब्रशनं पाच मिनिटांत साफ होते, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

खरी गडबड पुढे होते. धूर जायला वाट मोठी केली की इंजिन जास्त हवा ओढतं, पण कार्बोरेटर पेट्रोल तेवढंच देतो. मिश्रण 'लीन' होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. चारचाकीत याचं फार बिघडत नसेल. टू-स्ट्रोकमध्ये मात्र पिस्टनला लागणारं ऑइलही पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइल कमी, वर उष्णता जास्त. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे असताना अशा मशीननं सलग दोन टाक्या चालवा, पिस्टन सिलिंडरला चिकटतो. उघडून पाहिलं तर धूर निघतो त्या बाजूला उभे ओरखडे, नखाला लागतील एवढे. सिलिंडर-पिस्टनचा खर्च ऐकला की गिऱ्हाईक गप्प होतं.

मग कुणी कार्बोरेटरचा 'एच' स्क्रू, म्हणजे फुल थ्रॉटलवर पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा, फिरवतो. त्याची मर्यादा ठरवणारी प्लास्टिकची टोपी उपटून, कानानं. आणि कानच फसवतो. सुरात असलेली चेनसॉ मोकळी, फुल थ्रॉटलवर थोडी फरफरते, जणू अडखळते आहे. लाकडात घातली की ती फरफर जाते आणि आवाज स्वच्छ होतो. मोकळी असतानाच जी मशीन शिट्टीसारखी किंचाळते, ती लीन आहे. व्हिडिओत ज्या आवाजाला लाइक पडतात, तो बहुतेक वेळा हाच असतो. ज्यांना हे काम खरंच येतं ते इंजिनचे फेरे मोजणारा टॅकोमीटर लावून, कंपनीनं दिलेल्या आरपीएमच्या (मिनिटाच्या फेऱ्यांच्या) आत राहून स्क्रू लावतात.

आपल्याकडची आणखी एक गोम. गरम हवा विरळ असते, थंड हवा दाट. मे मध्ये दुपारी अगदी काठावर लावलेला स्क्रू डिसेंबरच्या पहाटे, पारा १० च्या आसपास असताना, लीन पडतो. मशीन उन्हाळाभर चालली म्हणून जुगाड पास झाला असं समजू नका.

आणि ती जाळी नसलेली मशीन घेऊन रामटेककडे सागाच्या वाळक्या पाल्यात उभं राहणं म्हणजे काय, हे वेगळं सांगत नाही. फेब्रुवारी ते जून वणव्याचेच दिवस असतात.

स्टिकरवरचे आकडे

'५८ सीसी, ७ एचपी' असं लिहिलेली मशीन माझ्या टेबलावर आली होती. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोजला, ४५ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ३४. हिशेब केला तर ५४ सीसी भरतात. एचपीचं म्हणाल तर स्टिल (Stihl) कंपनीची एमएस ४६२ ही जंगलकामाची मशीन ७२.२ सीसीची असून ४.४ किलोवॅट, म्हणजे साधारण ६ एचपी देते. आता ५४ सीसीमधून ७ कुठून येणार? अशा आकड्यांवर विश्वास ठेवून लोक २२ इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) लावतात, मशीन ओढत नाही, आणि मग जुगाड शोधत बसतात. १८ इंची बार आणि त्याच्या मापाची चेन लावली तर तीच मशीन बरी चालते.

रेकर जास्त घासणं

चेनच्या प्रत्येक कापणाऱ्या दाताच्या पुढे एक बुटकं टोक असतं, त्याला आपण रेकर म्हणतो. दात किती खोल घुसायचा ते तो ठरवतो. दाताच्या धारेपेक्षा रेकर साधारण ०.६५ मिमी खाली हवा. मोबाइलवरचे उस्ताद सांगतात, 'रेकर उडवा, मशीन लोणी कापेल.' पहिले चार-दोन काप खरंच लोण्यासारखे जातात. मग दात लाकडात हपकतो, मशीन हिसके देते, क्लच जळायला लागतो. शिवाय किकबॅक वाढतो, ते सगळ्यांत वाईट.

किकबॅक म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला की चेन तिथे अडकते आणि तिचा सगळा जोर बारला वर, तुमच्या तोंडाकडे फेकतो. फुल थ्रॉटलवर चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावत असते. पापणी लवायच्या आत बार कपाळाशी येतो. हात आवरून धरू, बाजूला होऊ, असं काहीही जमत नाही. वाचवतो तो फक्त चेन ब्रेक, म्हणजे पुढचा हँडगार्ड ढकलला गेला की चेन जागीच थांबवणारा पट्टा. म्हणून 'हातात अडकतो' म्हणून पुढचा हँडगार्ड काढणं किंवा घसरतो म्हणून ब्रेकचा पट्टाच काढून टाकणं, ही गोष्ट मी माझ्या दुकानात करून देत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

ग्राइंडरची चेनसॉ

हजार-पाचशेची जोडणी येते, चार इंची ग्राइंडरवर बसवायची. ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे मारतो, म्हणजे चेनचा वेग खऱ्या चेनसॉच्या तोडीचा. पण ब्रेक नाही, बारला ऑइल देणारा पंप नाही, मागचं हँडल नाही, आणि सरकवायचं बटण अनेक ग्राइंडरवर चालू स्थितीत तसंच अडकून राहतं. हातातून निसटला तर तो जमिनीवर चेन फिरवत नाचतो. याची कुठलीही सुरक्षित पद्धत मला माहीत नाही.

याचाच भाऊ म्हणजे ग्रास कटरला दोरीऐवजी साखळीचे तुकडे लावणं. कडी तुटली की बंदुकीच्या गोळीसारखी जाते. जोडलेल्या धातूच्या तुकड्यांची अशी कटर-डोकी युरोपियन आयोगानं २०१२ मध्येच बाजारातून बंद करायला लावली. आपल्याकडे ती अजून व्हिडिओत फिरतात.

पेट्रोल आणि ऑइल

पेट्रोलमध्ये थिनर, ऑक्टेन बूस्टर, गोळ्या... काहीच नको. मशीनच्या पुस्तिकेत ५०:१ असेल तर लिटरला २० मिली टूटी ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजानं झाकणभर टाकू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं. ते पाणी ओढून घेतं आणि कार्बोरेटरमधलं रबर खातं. पुस्तिकेत किती टक्के चालतं ते पाहा, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवा. बारसाठी गाडीचं जळकं ऑइल वापरणारे पुष्कळ आहेत. त्यातला धातूचा कीस बार आणि पंप दोन्ही घासतो.

कापताना

व्हिडिओत माणूस चपला घालून, शिडीवर चढून, एका हातानं फांदी धरून दुसऱ्या हातानं चेनसॉ चालवतो. यातली एकेक गोष्ट पुरेशी आहे. खांद्याच्या वर बार न्यायचा नाही आणि शिडीवरून कापायचं नाही. उंचावरची फांदी असेल तर लांब दांड्याची करवत घ्या.

आपल्याकडे उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळायची सवय आहे. त्याचं लोंबतं टोक चेनमध्ये गेलं तर काय होईल, विचार करा. टोक आत खोचा, त्यापेक्षा हेल्मेट घाला. जाड जीन्स चेन थांबवत नाही. चेनसॉच्या खास पँटमध्ये लांब धागे असतात, ते चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात (स्प्रोकेटमध्ये) गुंतून चेन जागीच अडकवतात. ४५ अंशांत ती घालवत नाही हे मान्य. म्हणून काम सकाळी सहा ते नऊ.

शहरातल्या कडुनिंबात खिळे असतात. ट्यूशनच्या पाट्या, बॅनर, वर्षानुवर्षं ठोकलेले, साल वाढून आत गेलेले. वावरातल्या झाडात काटेरी तार. कापण्याआधी खोड नीट बघा, गाठीसारखा काळा डाग असेल तिथे बार लावू नका. (शहरात झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, हेही व्हिडिओवाला सांगत नाही.)

उभं झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचं तिथे खाच, खोडाच्या जाडीच्या चौथाई-पाचवाई खोल. मग मागून काप, पण आरपार नाही. मध्ये जाडीच्या दहाव्या भागाएवढी पट्टी राखायची, तीच बिजागरी. आरपार कापलं की झाड कुठेही जातं. खूप कललेलं झाड असेल तर मागचा काप पुरा व्हायच्या आत खोड उभं चिरत जातं आणि मागचा भाग फटकन वर येतो. असं झाड शिकाऊ माणसानं घ्यायचंच नाही. दोर बांधून बोलेरोनं ओढणं तर मुळीच नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी वादळात पडलेली झाडं सगळ्यांत धोक्याची, आणि तीच सगळे घाईनं कापायला धावतात. आधी विजेची तार पाहा. असेल तर महावितरणनं लाइन बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. वाकून ताणलेल्या फांदीची दाबलेली बाजू आधी थोडी कापा, मग ताणलेल्या बाजूनं पूर्ण करा. उलट केलंत तर बार अडकतो किंवा फांदी उसळते. मुळासकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की बुंधा कधी कधी परत खड्ड्यात उभा राहतो. त्या खड्ड्यात पोरं खेळत असतात, आधी त्यांना बाहेर काढा.

मशीन काय सांगते ते ऐका

काप मारताना जाड फोलपटं पडण्याऐवजी पिठासारखा भुसा पडत असेल, तर चेन बोथट आहे. ०.३२५ इंच पिचच्या (कड्यांच्या अंतराच्या) चेनला ४.८ मिमीची गोल कानस, प्रत्येक दाताला सारखे हात, आतून बाहेर. काप एका बाजूला वळत असेल तर एका बाजूचे दात छोटे झाले आहेत किंवा बारची कड झिजली आहे. थ्रॉटल सोडल्यावरही चेन फिरत राहिली तर आयडल स्क्रू (थ्रॉटल सोडल्यावरचा वेग ठरवणारा) किंवा क्लचची स्प्रिंग तपासा. ते होईपर्यंत मशीन वापरू नका. बारमधून धूर येतोय पण ऑइलची टाकी भरलेलीच आहे, म्हणजे ऑइलचं भोक बुजलं. गरम मशीन बंद केल्यावर परत सुरू होत नाही? दहा मिनिटं सावलीत ठेवा. लगेच टाकीचं झाकण उघडू नका, तापलेलं पेट्रोल तोंडावर उडतं.

एवढं करूनही जमलं नाही तर दुकानात या. येताना जुनी चेन आणि ज्या डब्यात पेट्रोल-ऑइल मिसळता तो डबा घेऊन या. अर्ध निदान त्या दोन वस्तूंतच होतं.