केक की काख?

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या बालवाडीत शिकवायला लागलात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हातात युकुलेली देऊन म्हणणार, आजची वाइआता, म्हणजे माओरी गाणं, तू घे. 'ते फारिकी' हा इथला बालवाडीचा अभ्यासक्रम, पोरांना गोलात कसं बसवायचं, हे सगळं कोर्समध्ये झालेलंच असतं, ते पुन्हा सांगत नाही. मी पडले कुठे, ते सांगते.

माओरी ही इथल्या मूळ रहिवाशांची भाषा, तिचे शब्द मराठी जिभेला सोपे जातात. त, प, क, र जवळपास आपलेच. 'वाङ्मय'मधला ङसुद्धा आहे. हात म्हणजे रिङारिङा, त्यात ग घुसवायचा नाही, एवढंच. या सोपेपणानंच घात केला. मी सगळी गाणी वहीत देवनागरीत उतरवली.

आता नीट बघा. आपल्याकडे इ-ई, उ-ऊ आहेत, पण ए आणि ओ एकेकच. माओरीत पाचही स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ. दीर्घ स्वरावर रोमन लिपीत आडवी रेघ असते, तिला तोहुतो म्हणतात. माझ्या वहीत ती रेघ गळाली. 'केके' ऱ्हस्व म्हटलं तर केक. दोन्ही ए लांबवले तर काख! वाढदिवसाच्या गाण्याला मी आपली अंगाईसारखी संथ चाल लावली होती, केऽऽकेऽऽ. घरी माओरी बोलणाऱ्या एका चिमुरडीनं हात वर करून मला काख दाखवली. तोवर वीस पोरं काख कापून खायचं गाणं मनापासून म्हणत होती.

वही सुधारून भागत नाही, कारण चालही स्वर ताणते. मराठी गाण्यात ते खपतं, इथे अर्थ फिरतो. म्हणून आधी शब्द म्हणा, टाळ्या मोजा: ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन. शाळेत रडतखडत केलेले लघु-गुरू इथे कामाला येतात. लिहायचं रोमनमध्येच. वाइकातो भागात रेघेऐवजी स्वर दोनदा लिहितात, मला तेच बरं पडतं.

इंग्रजी बडबडगीताच्या चालीत माओरी शब्द कोंबू नका. सगळे करतात, म्हणून मीही केलं. पोरांच्या तोंडची भाषा नाहीशी होत चालली म्हणून 1982 मध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमातात पहिलं कोहाङा रेओ, म्हणजे माओरी भाषेतली बालवाडी, उभं राहिलं. तिथे आजी-आजोबांच्या पिढीनं पोरांशी फक्त माओरीत बोलायचं ठरवलं. आपण ती भाषा वाकडी करून कशी शिकवायची?

माझी मेंटर दर वेळी 'सुंदर' म्हणायची. अशी मेंटर काय कामाची? शिकवलं ते आमच्या फाएआंनी. फाएआ म्हणजे आपल्याकडच्या मावशीसारखं. त्या गाणं मध्येच थांबवायच्या, पोट धरून हसायच्या आणि पुन्हा म्हणायला लावायच्या. चुकलात म्हणून कुणी तोडत नाही, खरंच.

सोमवारी सुरू करायचं तर हात धुवायच्या रांगेपासून करा. 'होरोइआ ओऽ रिङारिङा', म्हणजे हात धुवा, मधला ओ दोन मात्रांचा. महिनाभर एवढंच. रंग, आकडे नंतर.