खाजेवर बधीर करणारं जेल कसं लावावं

येऊरला भटकून आलं किंवा संध्याकाळी ऐरोलीच्या खाडीकाठी थांबलं की पोटऱ्यांवर डास चावून गांधी उठतात. अशा लहानशा जागेची खाज तात्पुरती शमवायला लिग्नोकेनचं जेल कामी येतं. काही ट्यूबवर लिडोकेन लिहिलेलं असतं, औषध तेच. त्वचेतल्या नसांकडून मेंदूकडे जाणारी खाजेची वर्दी ते अडवतं. खाजेचं कारण मात्र तसंच राहतं.

म्हणून ट्यूब उघडण्याआधी जागा उजेडात नीट पाहा. घाम, गर्दीची लोकल आणि पावसाळ्यात न वाळणारे कपडे यांमुळे आपल्याकडे जांघेत, कमरेला, काखेत नायटा होतो. कडेला उठावदार, मध्ये फिकट, पसरत जाणारा गोल चट्टा दिसला तर हे जेल नको. खाज दबेल आणि आत बुरशी वाढत राहील. मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ म्हणून आणलेलं स्टिरॉइडचं मिश्रण त्याहून वाईट, त्याने नायटा चिवट होतो. रात्री वाढणारी, घरात दोघातिघांना एकदम सुटलेली खाज खरजेची असू शकते. या दोन्हींना डॉक्टरच हवेत. घामोळ्यांना गार पाणी, सैल सुती कपडे आणि कॅलामाइन पुरतं.

चावा साधाच असेल तर जागा गार पाण्याने धुऊन टिपून घ्या. जेल पहिल्यांदाच वापरत असाल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर थांबा. लाली किंवा पुरळ आलं नाही, तरच खाजेच्या जागी पातळ थर द्या आणि हात धुवा. सहसा दिवसातून तीन-चार वेळांहून जास्त नको, ट्यूबवर कमी सांगितलं असेल तर तेवढंच.

खाजवून सोललेल्या, फोड फुटलेल्या कातडीवर, डोळ्यांजवळ किंवा अंगभर लावू नका. वर प्लास्टिक गुंडाळू नका, शेकूही नका. औषध जास्त प्रमाणात रक्तात उतरतं. ओठ बधिर होणं, कानात आवाज, चक्कर, धडधड जाणवली तर जेल पुसून लगेच दवाखाना गाठा. गरोदरपणात, हृदयाच्या ठोक्यांचं औषध चालू असताना आणि लहान मुलांसाठी आधी डॉक्टरांना विचारा. बेन्झोकेन या दुसऱ्या बधीर करणाऱ्या औषधाचं जेल तर दोन वर्षांखालच्या बाळाला लावूच नये, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटू शकते.

बधिर जागेवर नखं चालवू नका, ओरखडा कळत नाही. आठवड्यात खाज गेली नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि जाण्याच्या दिवशी जेल लावू नका.