कॅम्परच्या सिंकमधून घाटात येणारा वास कसा थांबला

लक्षण असं: कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, म्हापशात उभी असेपर्यंत सगळं ठीक, पण चोर्ला घाट उतरला की सिंकमधून गुडगुड आणि सांडपाण्याचा कुबट वास. बांगडे धुतलेले असतील तर विचारूच नका. (गॅसच्या जोडांना साबणाचा फेस लावून गळती नाही, हे आधी पाहिलं.)

सिंकचं सांडपाणी साठवणारी टाकी ब्लीचने धुतली, सोडा-व्हिनेगर ओतलं, बॉटल ट्रॅपही (सिंकखालचा वास अडवणारा बाटलीसारखा भाग) नवा घातला. वास परत हजर, नुसता वैताग.

बॉटल ट्रॅपमध्ये साचलेलं थोडंसं पाणीच वास अडवतं आणि वळणांवर तेच हिंदकळून टाकीत जातं. त्यात टाकीला हवेची वाट नसली, तर उतरणारं पाणी आतली हवा सिंकमधूनच वर ढकलतं. गुडगुड त्याचीच.

आधी टाकी रिकामी करून बॉटल ट्रॅप काढा. त्याजागी ३२ मिमीचा, सिलिकॉन पडद्याचा बिनपाण्याचा ट्रॅप उभा बसवा. ट्रॅपवरचा बाण टाकीच्या दिशेने. पुढच्या पाइपला मीटरमागे अडीच सेंटीमीटर उतार द्या. मग टाकीच्या माथ्यावरून १२ मिमीची नळी काढा, सिंकच्या काठापेक्षा वर नेऊन गाडीबाहेर सोडा, तोंड खाली ठेवा आणि त्यावर बारीक स्टीलची जाळी लावा. जाळी टाळू नका, कुंभारमाशी असली भोकं मातीने बुजवते. शेवटी सिंक भरून बूच काढा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवून बघा.

उकळतं तेल किंवा ड्रेन क्लीनर यात ओतू नका, पडदा बिघडतो. माशांची खवलं वरच चाळणीत अडवा.