डॉ. रखमाबाईंवर पाच मिनिटांचं भाषण कसं बसवायचं

‘माझा आदर्श’ हा विषय मिळाला की मुलं जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू अशी जंत्री म्हणून दाखवतात आणि परीक्षक दुसऱ्याच मिनिटाला घड्याळाकडे बघू लागतात. रखमाबाईंचं भाषण १८८७ च्या मार्चवर उभं करा. मुंबई हायकोर्टाचा हुकूम होता: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली.

मंचावर सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे मजकूर साडेचार मिनिटांत बसेल असा ४५० शब्दांचा, त्यातला निम्मा खटल्याला. ‘सन्माननीय व्यासपीठ’ एका वाक्यात उरकून थेट त्या हुकमावर या. मग दोन-तीन वाक्यांत मागचं सांगा: १८६४ चा जन्म, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लग्न, पण सासरी न जाता आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढणं. बालपणाला याहून जास्त जागा देऊ नका.

खटला मात्र फोडून सांगा, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. हा घटस्फोटाचा खटला नव्हता. १८८४ मध्ये दावा लावला तो दादाजींनी, बायकोने नांदायला यावं म्हणून. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला: नकळत्या वयात लग्न झालेल्या, कधीच एकत्र न राहिलेल्या बाईवर सक्ती करणं त्यांना पटेना. दादाजी अपिलात गेले आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी उलट हुकूम दिला. शेवटी १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. व्हिक्टोरिया राणीने लग्न मोडलं, ही बऱ्याच भाषणांत येणारी गोष्ट गाळा.

‘पहिल्या भारतीय महिला डॉक्टर’ हेही गाळा. आनंदीबाई जोशींना १८८६ मध्येच अमेरिकेत पदवी मिळाली होती. रखमाबाई लंडनला शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोटला त्यांनी काम केलं. एवढं पुरे.

‘केसरी’ वृत्तपत्राने रखमाबाईंना केलेला विरोध काही शिक्षक वाद नको म्हणून काढून टाकतात. काढू नका; एक वाक्य, सुरात टोमणा न आणता. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या इंग्रजी सहीने रखमाबाईंनी बालविवाहावर पत्रं लिहिली, हे त्याच्या आधी आलं तर समोर कोण उभं होतं ते कळतं. त्यांच्या तोंडी मनाचे संवाद घालायचा मोह मात्र आवरा, नाट्य वाढतं पण भाषण खोटं पडतं.

‘आदर्श का’ याला शेवटचे साठ-सत्तर शब्द ठेवा. थोर, तेजस्वी, धाडसी अशी विशेषणं खोडून मुलाला स्वतःचं एक कारण लिहायला लावा. ते तुम्ही लिहून दिलंत तर लगेच ऐकू येतं.

पाठांतर कच्चं असेल तर पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर फक्त ८४, ८५, ८७, ८८ लिहा. ८५ आणि ८७ ची अदलाबदल झाली तर निकालच उलटा होतो, म्हणून ८५ पुढे ‘जिंकल्या’ आणि ८७ पुढे ‘हरल्या’ एवढं असू द्या. सराव साडेचार मिनिटांत संपेल असा करा. सूचनेची घंटा झाली की मुलं वेग वाढवतात आणि नेमका शेवट पुटपुटला जातो.