बेळगाव सीमाभागात कम्युनिटी मेडिसिनचा अभ्यास कसा करावा

एकट्या रुग्णाऐवजी साऱ्या लोकसमूहाच्या आरोग्याचा विचार करणारा हा विषय कर्नाटकातील वैद्यकीय महाविद्यालयांत कम्युनिटी मेडिसिन या नावाने शिकवला जातो, महाराष्ट्रातील सरकारी महाविद्यालयांच्या पाट्यांवर ‘जनऔषधवैद्यकशास्त्र’ असे भारदस्त नाव आढळते, आणि दोन्हीकडचे विद्यार्थी आपसांत त्याला जुन्या सवयीने ‘पीएसएम’ (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतात. नाव कोणतेही असो, विषयाची गत बहुधा एकच होते. परीक्षेला दोन महिने उरले की जाडजूड पाठ्यपुस्तक उघडायचे, राष्ट्रीय कार्यक्रमांची वर्षे आणि समित्यांची नावे पाठ करायची, आणि निकाल लागला की ते पुस्तक खालच्या वर्गातील विद्यार्थ्याला विकून टाकायचे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात शिकणाऱ्याने तरी असे करू नये, कारण या विषयातील खरोखर अवघड प्रश्न येथे घराच्या उंबरठ्यावरच भेटतात.

पहिली सवय लावून घ्यावी ती छेदाची, म्हणजे ‘किती लोकांपैकी?’ असे विचारण्याची. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला फक्त अंश दिसतो: आज हगवणीचे बारा रुग्ण आले. ते बारा जण दोनशे लोकांच्या वाडीतून आले की दहा हजारांच्या गावातून, हे कळेपर्यंत त्या बारांना काही अर्थ नसतो. अर्भक मृत्युदर दर १,००० जिवंत जन्मांमागे आणि माता मृत्यूचे प्रमाण दर १,००,००० जिवंत जन्मांमागे काढतात, हे सर्वांना पाठ असते. परंतु ते जिवंत जन्म नेमके कोणाचे आणि कोठे मोजलेले, असे तोंडी परीक्षेत विचारले की भले भले गप्प होतात.

सीमाभागात हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा आहे. खानापूर तालुक्यातील सून पहिल्या बाळंतपणासाठी चंदगड तालुक्यातील माहेरी जाते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद घटना जेथे घडली तेथे, २१ दिवसांच्या आत करायची असते. म्हणजे ते मूल महाराष्ट्राच्या नोंदवहीत जाते. जन्मतःच द्यायच्या लसी तिकडे मिळतात, सहाव्या आठवड्याची लसही तिकडेच टोचली जाते, आणि चौथ्या महिन्यात बाळंतीण सासरी परतते तेव्हा इकडच्या आशाताईंच्या वहीत ते मूल नसते किंवा ‘लस चुकलेले’ म्हणून असते. अडलेली बाळंतपणे आणि अपघात मिरज, कोल्हापूर किंवा गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयाकडे जातात, तेव्हा मृत्यूचीही हीच कथा होते. माझ्या पहिल्याच सर्वेक्षणात लसीकरण अपुरे असलेल्या मुलांची लांबलचक यादी करून मी मोठ्या अभिमानाने सादर केली होती. आमच्या बाईंनी ती यादी शांतपणे परत देऊन एवढेच विचारले की, यांपैकी किती जण सध्या आजोळी आहेत. मला एकाचेही उत्तर देता आले नाही.

म्हणून कुटुंबपाहणीच्या वहीत प्रत्येक व्यक्तीपुढे तीन रकाने सुरुवातीपासूनच आखावेत: नेहमीचे राहण्याचे गाव कोणते, आज ती व्यक्ती कोठे आहे, आणि परत केव्हा येणार आहे. दर काढताना छेदात नेहमीचे रहिवासीच धरावेत, आणि रहिवासी कोणाला म्हणायचे याचा निकष, उदाहरणार्थ सहा महिन्यांचे वास्तव्य, पाहणी सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावा. लस देताना मात्र हा निकष बाजूला ठेवावा. समोर आलेल्या बाळाचे गाव कोणतेही असो, त्याच्या कार्डावर जी लस राहिली असेल ती द्यायची असते. कर्नाटकात या कार्डाला ‘ताई कार्ड’ म्हणतात. कन्नडमध्ये ताई म्हणजे आई, हे पहिल्याच दिवशी माहीत असले की मराठी विद्यार्थ्याचा एक हमखास गोंधळ टळतो.

एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात आता प्रत्येक विद्यार्थ्याकडे गावातील काही कुटुंबे सोपवली जातात आणि त्यांच्याकडे शिक्षण संपेपर्यंत जात राहावे अशी अपेक्षा असते. या भेटी उरकण्याकडे बहुतेकांचा कल असतो, आणि तो चुकीचा आहे. ऊसतोडीच्या दिवसांत दुपारी अकराला गावात गेल्यास म्हातारी माणसे आणि कुत्री एवढीच भेटतात; सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला जावे. मराठी घरात ‘काकू’, ‘मामी’, ‘आजी’ आणि कन्नड घरात ‘अक्का’, ‘अज्जी’ अशी हाक मारून ओसरीवर टेकावे, आणि पहिल्या भेटीत छापील प्रश्नावली पिशवीतच राहू द्यावी. कन्नड येत नसेल तर पाचपन्नास शब्दांची वही करावी: ज्वर म्हणजे ताप, केम्मु म्हणजे खोकला, भेदी म्हणजे जुलाब, नीरु म्हणजे पाणी. ‘एष्ट दिन आत्री?’ म्हणजे ‘किती दिवस झाले?’ एवढा एक प्रश्न नीट विचारता आला तरी पुढचे संभाषण समोरचा माणूस सांभाळून घेतो, कारण या भागातील बहुतेकांना दोन्ही भाषांत ये-जा करण्याची सवय असते. बायकांच्या तक्रारींसाठी ‘अंगावरून पांढरे जाणे’ यांसारखे घरगुती शब्दच वापरावेत. संस्कृतप्रचुर पारिभाषिक शब्द ओसरीवर कोणालाही कळत नाहीत.

आर्थिक स्थिती विचारताना विशेष काळजी घ्यावी लागते. कुटुंबाचा आर्थिक स्तर ठरवणाऱ्या प्रसाद यांच्या वर्गीकरणाला दरडोई मासिक उत्पन्न लागते, परंतु ऊस उत्पादकाला महिन्याचे उत्पन्नच नसते. त्याचे बिल कारखान्याकडून हप्त्याहप्त्याने आणि पुष्कळदा उशिरा येते. ‘महिन्याला किती मिळतात?’ असे विचारल्यास तो अंदाजाने काहीतरी सांगतो आणि आपण ते गंभीरपणे लिहून घेतो. त्याऐवजी किती एकर, किती टन, बी-खताचा खर्च किती, गोव्यात कामाला असलेला मुलगा किती पाठवतो, असे तुकड्यातुकड्याने विचारून वर्षाचा हिशोब करावा आणि मग बाराने भागावे. कुप्पुस्वामी यांचे वर्गीकरण शहरी कुटुंबांसाठी आहे. ते खेड्यात लावणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षक सहसा सोडत नाहीत.

आकडेमोडीची भीती घालवण्याचा उपाय म्हणजे उदाहरणे आपल्या परिसरातून घेणे. समजा, एका बारशाला १०० जण जेवले आणि संध्याकाळपर्यंत ३४ जणांना उलट्या सुरू झाल्या. मसालेभात सर्वांनीच खाल्ला होता. कुंदा ६० जणांनी खाल्ला, त्यांपैकी ३० आजारी पडले. उरलेल्या ४० जणांपैकी ४ आजारी पडले. केवळ आजाऱ्यांची चौकशी केली तर चौतीसपैकी चौतीस जणांनी भात खाल्लेला आढळतो आणि संशय भातावर जातो. न आजारी पडलेल्यांनाही विचारले, म्हणजेच छेद मिळवला, की कुंदा खाणाऱ्यांत बाधेचे प्रमाण ५० टक्के आणि न खाणाऱ्यांत १० टक्के, म्हणजे पाचपट, हे स्पष्ट होते. खाल्ल्यानंतर एक ते सहा तासांत उलट्या झाल्या असतील तर दुधाच्या पदार्थातील स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या विषाचा विचार आधी करावा. हे उदाहरण एकदा स्वतः कागदावर सोडवले की जोखमीच्या गुणोत्तराची व्याख्या निराळी पाठ करावी लागत नाही.

विहिरीचे गणितही असेच प्रत्यक्ष करावे. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असल्यास ३.१४ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले खोली, भागिले ४, असे २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर पाणी भरते. दर १,००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर या हिशोबाने सुमारे ७१ ग्रॅम लागते. गावात हिला ‘टीसीएल’ म्हणतात आणि पंचायतीच्या कोपऱ्यात उघड्या पोत्यात पडलेल्या टीसीएलमधला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो. तेव्हा पावडर टाकून तासाभराने पाण्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला आहे की नाही, हे तपासल्याखेरीज काम झाले असे मानू नये. २०१९ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेकाठची गावे ज्यांनी पाहिली, त्यांना या गणिताचे महत्त्व सांगावे लागत नाही. नमुना किती घ्यावा याचेही सूत्र असेच हाताखालून घालावे: एखाद्या आजाराचे अपेक्षित प्रमाण ४० टक्के आणि चालणारी चूक ५ टक्के असल्यास ४ गुणिले ४० गुणिले ६० (शंभरातून ४० वजा करून) भागिले २५ (५ चा वर्ग), म्हणजे ३८४ जण.

साथरोगशास्त्रातील कारक, यजमान आणि पर्यावरण या त्रिकोणासाठी माकडताप हे या भागातील उत्तम उदाहरण आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये ओळखला गेलेला हा गोचिडीतून पसरणारा विषाणू २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात आढळला. काजूच्या हंगामात खानापूरच्या बाजूने मजूर याच पट्ट्यात कामाला जातात. तापाच्या रुग्णाला ‘गेल्या दहा दिवसांत कोणत्या रानात गेला होतात, तेथे माकडे मेलेली दिसली का?’ असे विचारणे हे येथे पाठ्यपुस्तकाबाहेरचे कौशल्य नव्हे. व्यवसायजन्य आजारांचे प्रकरण निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरी वाचावे. त्वचेतून आणि श्वासातून जाणारी तंबाखू तेथे वासावरूनच समजते.

संशोधन वाचायला शिकायचे असेल तर दूर जाण्याची गरज नाही. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी जिल्ह्यातील खेड्यांत केलेला एक प्रयोग २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणांत नर्सबाईंनी ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने दिले, तर प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव टळतो का, हा त्यातील प्रश्न होता. १,६२० स्त्रियांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. औषध न मिळालेल्या गटात अतिरक्तस्राव १२ टक्के आणि औषधाच्या गटात ६.४ टक्के आढळला. दोहोंतील फरक ५.६, शंभराला त्याने भागले की दर १८ स्त्रियांना औषध दिल्यास एकीचा अतिरक्तस्राव टळतो, हे उत्तर विद्यार्थ्याने स्वतः काढावे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्याच्या जोडीला अभय आणि राणी बंग यांचा गडचिरोलीतील घरपोच नवजात बालसेवेचा १९९९ चा अभ्यास वाचावा आणि दोन्ही ठिकाणी छेद कसा मोजला ते ताडून पाहावे.

प्रवेशाबाबत थोडक्यात एवढेच सांगता येईल की, एम.बी.बी.एस.ला नीट आणि पुढे तीन वर्षांच्या एम.डी.ला नीट पीजी हे मुख्य मार्ग आहेत. डॉक्टर नसलेल्या पदवीधरांना दोन वर्षांची एम.पी.एच. (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) ही पदवी खुली असते. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषक उमेदवारांसाठी जी तरतूद असते, तिच्या अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहाव्यात.

इंटर्नशिपमधील या विषयाचे बारा आठवडे पीजीच्या तयारीसाठी मिळालेली सुट्टी म्हणून घालवण्याची प्रथा आहे. त्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रात रोगसर्वेक्षणाचे एस, पी आणि एल हे तीन प्रकारचे अहवाल, म्हणजे अनुक्रमे आरोग्य सेविकेचा, डॉक्टरचा आणि प्रयोगशाळेचा, एकाच आठवड्यासाठी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. मग एखाद्या दुपारी आशाताईंच्या शेजारी बसून त्यांची घरांची वही आणि आपली वही ओळीने जुळवावी, आणि जी घरे किंवा जी मुले एकीत आहेत व दुसरीत नाहीत, त्यांच्या दाराशी दोघांनी मिळून जाऊन यावे.