जर्मनीत नर्स म्हणून येताना: मान्यता, नोकरी आणि कायम वास्तव्य

जर्मनीत नर्स म्हणून यायचे असेल, तर नोकरीचे पत्र हाती पडणे हा सगळ्यांत सोपा टप्पा आहे, हे मी तयारीला लागलेल्या प्रत्येकाला आधी सांगते. इथल्या रुग्णालयांना आणि वृद्धसेवा केंद्रांना माणसांची इतकी निकड आहे की बी१ पातळीपर्यंत (भाषेच्या ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांपैकी तिसरी) जर्मन शिकलेल्या जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंगधारकाला मुलाखतीचे बोलावणे सहसा येतेच. खरा कस लागतो तो आपल्या भारतीय शिक्षणाला जर्मन पात्रतेच्या बरोबरीची मान्यता मिळवताना. ती मिळेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने तुम्ही नर्स नसता, साहाय्यक असता. पगार साहाय्यकाचा मिळतो, आणि ज्याचा विचार येताना फारसा कोणी करत नाही ती गोष्ट म्हणजे, कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी लागणारी वर्षे तोवर मोजायलाच सुरुवात झालेली नसते. म्हणून देश सोडण्यापूर्वीच्या तयारीपासून पुढचा प्रत्येक निर्णय ‘याने मान्यता लवकर मिळेल का’ या एका प्रश्नावर तपासून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

मी मिरजेत जीएनएम केले, पुण्यात अतिदक्षता विभागात काम केले आणि २०२१ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात आले. याच राज्याशी महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यामुळे अलीकडे आपल्याकडून इथे येऊ पाहणाऱ्यांची चौकशी बरीच वाढली आहे. करार झाला म्हणून मान्यतेचे नियम शिथिल झाले, असे मात्र कोणी समजू नये.

कागदपत्रांपासून सुरुवात करते, कारण सर्वाधिक वेळ तिथेच जातो. मान्यता देणारे कार्यालय प्रत्येक राज्याचे वेगळे असते, त्यामुळे नोकरी कोणत्या राज्यात आहे हे ठरल्याशिवाय अर्ज नेमका कुठे करायचा हे ठरत नाही. पदविका किंवा पदवी, गुणपत्रिका, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि अनुभवाची प्रमाणपत्रे तर लागतातच, पण निर्णय ज्यावर होतो तो कागद म्हणजे विषयवार तासांचा तक्ता: कोणत्या विषयाचे वर्गात किती तास झाले आणि कोणत्या विभागात प्रत्यक्ष किती तास काम केले. हा तक्ता कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी आणि प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र घ्यावा. कॉलेज सोडून वर्षे लोटली की तिथले लिपिक बदलतात, रजिस्टरे गोदामात जातात, आणि मग एका सहीसाठी गावाकडच्या कोणाला तरी खेपा घालाव्या लागतात.

आपल्या लोकांची आणखी एक ठरलेली अडचण नावाची आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर कौन्सिलच्या नोंदणीत पतीचे नाव आणि नवे आडनाव. आपल्याला यात काही वावगे दिसत नाही, पण इथल्या अधिकाऱ्यासमोर ती तीन वेगळ्या स्त्रियांची कागदपत्रे असतात. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, नाव बदलले असल्यास राजपत्रातील नोंद आणि ही सगळी नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवले, तर पत्रव्यवहाराचे कित्येक महिने वाचतात.

एजंटच्या बाबतीत मला स्पष्ट बोलायचे आहे. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते, ती नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी कमाल मर्यादा आहे. तरीही शेत गहाण टाकून कित्येक लाख भरलेल्या मुली मला इथे भेटल्या आहेत. जर्मनीत न्याय्य भरतीसाठी एक सरकारी गुणवत्ता चिन्ह आहे आणि त्याचे तत्त्व साधे आहे: भरतीचा खर्च मालकाने करायचा. हे चिन्ह असलेली संस्था मिळाली तर उत्तमच. करारात मात्र ‘अमुक वर्षांआधी नोकरी सोडल्यास अमुक रक्कम परत’ असे कलम आहे का, रक्कम किती आणि ती दर महिन्याला कमी होत जाते का, हे जर्मन जाणणाऱ्या तटस्थ माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

भाषेविषयी माझे मत अनेकांना पटत नाही, तरी सांगते. बी१ वर व्हिसा मिळू शकतो, पण शक्य असेल तर बी२ भारतातच पूर्ण करून या. इथे आल्यावर तीन पाळ्यांची नोकरी, सरकारी कार्यालये, घर शोधणे आणि थंडी यांतून अभ्यासाला वेळ काढणे फार जड जाते, आणि मान्यतेसाठी बी२ लागतेच. पुण्या-मुंबईच्या माक्स म्युलर भवनात (गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेचे इथले केंद्र) होणाऱ्या बी१ आणि बी२ परीक्षांचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे भाग स्वतंत्र असतात. प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. श्रवणाकडे विशेष लक्ष द्या, कारण वॉर्डात तुमच्याशी कोणी सावकाश बोलणार नाही.

कागदपत्रे तपासून झाली की बहुतेकांना उणिवा दाखवणारा निर्णय येतो. माझ्या बाबतीत वृद्धसेवा आणि पुनर्वसन या विषयांचे तास कमी भरले होते. अशा वेळी दोन मार्ग असतात: काही महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम, नाहीतर ज्ञानपरीक्षा. परीक्षेने वेळ वाचू शकतो, पण ती द्यायची तर भाषा पक्की हवी. मी परीक्षा निवडली. तोंडी भाग पुस्तकी तयारीने निभावतो. खरी परीक्षा रुग्णाच्या खाटेजवळ असते. दार ठोठावून आत जायचे, हात निर्जंतुक करताना पूर्ण ३० सेकंद द्यायचे, आपण काय करणार हे रुग्णाला सांगून त्याची संमती घ्यायची, पडदा ओढायचा, खाट आपल्या कमरेच्या उंचीवर आणायची. माझ्या रुग्ण आजींचा उजवा हात पक्षाघाताने लुळा पडला होता. मी ओला रुमाल त्यांच्या डाव्या हातात दिला आणि चेहरा त्यांचा त्यांना पुसू दिला. आपल्याकडे शिकलेल्या हाताला अशा वेळी पटकन स्वतः पुसून मोकळे व्हावेसे वाटते; इथे परीक्षक नेमके हेच पाहतात, की रुग्णाला जे जमते ते तुम्ही त्याच्याकडून करवून घेता की नाही.

कामाचे स्वरूपही यावरून लक्षात यावे. अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, डायपर बदलणे ही इथे पात्र नर्सचीही कामे आहेत. ती आया किंवा मावशींवर सोपवता येत नाहीत. उलट शिरेत सुई घालण्यासारखी जी कामे आपण रोज बिनदिक्कत करतो, ती अनेक वॉर्डांत डॉक्टर करतात. अतिदक्षता विभागातून आलेल्यांना सुरुवातीला हे फार लागते. यात कमीपणा मानून परत गेलेल्या हुशार मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना हे कोणी आधी सांगितले नव्हते याचे मला आजही वाईट वाटते.

आता वास्तव्याकडे वळू. मान्यतेसाठी येणाऱ्यांना साधारणपणे निवास कायद्याच्या कलम १६डी खाली परवाना मिळतो आणि मान्यता मिळाल्यावर तो कलम १८ए खाली बदलून घ्यावा लागतो. हा बदल त्याच आठवड्यात अर्ज करून मागावा. कायम वास्तव्यासाठी कुशल कामगाराचा परवाना ३ वर्षे असावा लागतो (मार्च २०२४ पूर्वी ही अट ४ वर्षांची होती), आणि १६डी वर काढलेला काळ त्यात धरला जात नाही. पेन्शन विम्याचे ३६ महिन्यांचे हप्ते ही वेगळी अट आहे; त्यात साहाय्यक म्हणून भरलेले महिने मोजले जातात. शिवाय बी१ भाषा, पुरेशी राहती जागा आणि ‘जर्मनीतील जीवन’ ही ३३ प्रश्नांची चाचणी असते. तिचे सगळे प्रश्न आधीच प्रसिद्ध केलेले असल्याने तिची धास्ती घेण्याचे कारण नाही. पैशाचा फरकही लहान नाही: वृद्धसेवा क्षेत्रात १ जुलै २०२५ पासून तासाचे किमान वेतन अप्रशिक्षित साहाय्यकाला १६.१० युरो, तर पात्र नर्सला २०.५० युरो आहे.

कुटुंबाचे म्हणाल, तर पती किंवा पत्नीला आणता येते. त्यांना सहसा ए१ पातळीची जर्मन यावी लागते आणि इथे आल्यावर कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते. त्यांचे उत्पन्न नसेल, तर सरकारी आरोग्यविम्यात मुलांसह त्यांचाही समावेश जादा हप्त्याशिवाय होतो. १ मार्च २०२४ पासून पुढे कुशल कामगाराचा पहिला परवाना मिळालेल्यांना आईवडिलांनाही आणण्याची तरतूद झाली आहे, पण त्यांच्या निर्वाहाची आणि पूर्ण आरोग्यविम्याची हमी द्यावी लागते. वयस्कर माणसाला असा विमा मिळवणे फार कठीण आणि महाग असते. आईवडिलांना दोन वर्षांत घेऊन जाईन, असे घरी सांगून निघण्यापूर्वी त्या विम्याचे दर एकदा मागवून पाहावेत.