चेकची तारीख हुकली, आयोगाचं पाकीट गल्ल्यात राहिलं: धंद्यातल्या या चुका टाळा

मस्जिद बंदरचा मसाल्याचा गाळा असो, दादरचं साडीचं दुकान असो, की अंधेरीतून इन्स्टाग्रामवर चालणारा कपड्यांचा ब्रँड, केस पडण्याची कारणं ठरलेली आहेत. माल दिलेला असतो, पैसे खरोखर येणं असतात, पार्टीने टोपी घातली हेही खरं असतं. आणि तरी व्यापारी हरतो, कारण एखादी तारीख हुकते किंवा नोटिशीतला आकडा चुकतो. हे पुन्हा पुन्हा होताना पाहून वाईट वाटतं, कारण यातलं बहुतेक सगळं अर्ध्या तासाच्या कामाने टळतं.

नोटिशीत भलताच आकडा

चेक बाउन्सच्या प्रकरणातली ही सगळ्यात महागडी चूक. पार्टीकडून पाच लाखांचा चेक आधीच घेऊन कपाटात ठेवलेला असतो. मग पार्टी कधी यूपीआयने वीस हजार, कधी रोख पन्नास हजार, असं करत दीड लाख देते आणि थांबते. फोन उचलत नाही म्हणून रागाच्या भरात तोच पाच लाखांचा चेक बँकेत भरला जातो, परत येतो, आणि पाच लाखांची नोटीस निघते. त्या दिवशी येणं मात्र साडेतीन लाखच असतं.

अशाच एका प्रकरणात चेक २० लाखांचा होता आणि त्यातले चार लाखांहून थोडे जास्त आधीच परत आले होते. नोटीस पूर्ण २० लाखांची गेली. ११ ऑक्टोबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, चेकवरची रक्कम भरणा करायच्या दिवशीच्या येण्याशी जुळत नसेल आणि मिळालेल्या पैशांची नोंद चेकवर नसेल, तर चेक बाउन्सचा, म्हणजे परक्राम्य संलेख कायद्याच्या (Negotiable Instruments Act) कलम १३८ चा, गुन्हा होत नाही. उरलेलं येणं खरं असूनही तक्रार टिकली नाही.

म्हणून चेक भरायच्या आदल्या दिवशी पार्टीच्या खात्याचा उतारा काढायचा, व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि बाकी रकमेचा नवा चेक मागायचा. नवा चेक मिळतच नसेल, तर त्याच कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे चेकवर ‘अमुक रक्कम मिळाली’ अशी नोंद करून बाकीपुरता भरता येतो. पण त्याआधी बँकेत विचारून घ्या. नोटिशीत चेकची रक्कम वेगळ्या ओळीत लिहा. व्याज, वकिलाची फी, नोटिशीचा खर्च मागायचाच असेल तर स्वतंत्र मांडा. सगळं मिळून एकच गोळाबेरीज मागितलेली नोटीस कोर्टात अडचणीत येते. इंटरनेटवरचा नमुना उचलून रकमा भरणाऱ्यांची नेमकी इथेच फसगत होते.

आता तारखा. चेकच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो भरायचा. परतीचा मेमो ३ मार्चला मिळाला, तर नोटीस २ एप्रिलपर्यंत रवाना झालीच पाहिजे. ती ८ एप्रिलला पोचली, तर पार्टीला २३ एप्रिलपर्यंत मुदत. तोवर पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. ‘पुढच्या आठवड्यात नक्की देतो’ या शब्दावर हा महिना घालवू नका. पार्टी खरंच देणार असेल, तर तक्रार दाखल झाल्यावरही तडजोड करता येते. आणि चेक कंपनीचा असेल तर नोटीस आणि तक्रार दोन्हींत कंपनीचं नाव हवंच. एकट्या डायरेक्टरवर केस उभी राहत नाही.

ग्राहक आयोगाचं पाकीट

ग्राहकाच्या तक्रारीवर आयोगाची नोटीस दुकानात येते. काउंटरवरचा मुलगा सही करून पाकीट घेतो, ते गल्ल्याखाली जातं, आणि शेठ म्हणतात, ‘तारखेला जाऊन सांगू.’ सांगायला गेल्यावर कळतं की लेखी जबाबाची मुदत संपली. ३० दिवस, आणि आयोगाने दिले तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही. ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे पक्कं केलं. मोजणी नोटीस आणि तक्रारीची प्रत हातात पडल्यापासून होते, म्हणून पाकिटावर तिथल्या तिथे तारीख लिहा आणि आत तक्रारीची प्रत आहे का ते बघा. नसेल तर त्याच दिवशी लेखी मागा. पाचव्या दिवशी कागद वकिलाकडे असावेत: बिल, डिलिव्हरीचं चलन, ग्राहकाशी झालेले मेसेज. जिल्हा आयोगाचा आदेश विरोधात गेला तर अपिलाला ४५ दिवस, आणि आधी निम्मी रक्कम भरावी लागते.

ऑनलाइन विकणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतःच्या गावी तक्रार करू शकतो. दादरहून पाठवलेल्या साडीची तक्रार नागपूरच्या आयोगात येऊ शकते. ती वेळच येऊ नये म्हणून वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर द्या, ४८ तासांत पोच द्या आणि महिन्याभरात निकाल लावा. हे नियमातच आहे.

बाकीच्या, थोडक्यात

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. शिक्का काढा आणि बदलून देण्याची मुदत छापा.

पाकिटावरच्या एमआरपीवर जास्त किमतीचं स्टिकर लावू नका.

भागीदारी फर्म नोंदलेली नसेल, तर करारावरून बाहेरच्या पार्टीवर वसुलीचा दावा करता येत नाही. फर्म आजच नोंदवा.

व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेत असाल तर फोन बदलताना चॅट पुसू देऊ नका. १ जुलै २०२४ पासून अशा पुराव्यासोबत हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) असलेलं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं जातं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, पैसे अडकल्यावर करायची गोष्ट नाही. पहिला माल पाठवण्याआधी ती हवी, आणि नंबर बिलावर छापलेला हवा. लेखी करार नसेल तर खरेदीदाराने १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज चढतं. मात्र हे उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नंबर मिळतो, पण हे व्याज मिळत नाही. त्याने बिलावरच पैशांची मुदत आणि व्याजाचा दर छापावा आणि मालाच्या चलनावर पार्टीची सही-शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो खाली करू नये.